ऐनाच्या ओंडक्यावरचा काळा हात

रविवारी सकाळी मधल्या पाड्यावर एकही चूल पेटली नव्हती. लहानथोर सगळे ऐनाच्या जुन्या झाडाभोवती जमले होते. उभा होता तेव्हा याच ऐनाखाली लग्नाच्या पंगती बसायच्या. आता तो आडवा पडला होता, आणि त्याच्याकडे पाठ करून उभं राहायची कुणाची छाती होत नव्हती.

फाडलेल्या एका ओंडक्यासमोर सात बायका ओळीनं उभ्या होत्या. समोर खंडेराव महाराज. बोईसरच्या एका गाळ्यात दर गुरुवारी त्यांचा दरबार भरायचा. आज दरबार आमच्या पाड्यावर आला होता.

"घाबरू नका!" महाराज गरजले. "हे झाड नाही, हा तुरुंग आहे! तिकडे तारापूरला अणू कोंडलाय, इकडे या ऐनात आत्मा कोंडलाय. शक्ती एकच! तिथं इंजिनिअर लागतात, इथं मी लागतो. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी यंत्र लावून माझं व्हायब्रेशन मोजलं, तर यंत्राचा काटा तुटून पडला!"

"कंच्या देशातले?" मागून कुणीतरी विचारलं.

"शंका घेतली की विद्या जाते," महाराज म्हणाले. विचारणारा शेजाऱ्याच्या खांद्याआड गेला.

हे सगळं कशापायी चाललं होतं, ते आधी सांगतो. हा ऐन आतून पोकळ झाला होता. तो अंगणवाडीच्या कौलांवर आणि विजेच्या तारेवर झुकला होता, म्हणून पंचायतीनं रीतसर परवानगी काढून तो पाडायचं ठरवलं. काम बोईसरच्या नीलेशला मिळालं. झाडं तोडणं, फांद्या छाटणं, ओंडके फाडणं हाच त्याचा धंदा. त्याच्या हाताखाली आमच्याच पाड्यावरचा जिव्या होता. मंगळवारी जिव्यानं मशीनची करवत बुंध्याला लावली. वीतभर आत गेली असेल नसेल, तोच ओल्या लाकडातून ठिणग्या उडाल्या. लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिल्या. कानठळ्या बसवणारी किंकाळी उठली, ती करवतीची होती. मग करवतीची साखळी तुटून उडाली आणि जिव्याचा दंड फाडत गेली.

धावत आली ती समोरच्या घरातली तानी. साठीला टेकलेली, एकटी बाई. तिनं पदर फाडून जिव्याचा दंड आवळला, रिक्षा थांबवली आणि त्याला पालघरच्या दवाखान्यात घेऊन गेली. चौदा टाके पडले. दुसऱ्या दिवशी महाराज जिव्याच्या घरी अंगारा घेऊन हजर झाले, तर तानी दारातच म्हणाली, "दादा, तुझी राख टाक्यांवर लावू नको. पोराचा हात सडंल." अंगणातली माणसं हसली. महाराजही हसले, पण त्यांचे डोळे हसत नव्हते.

नीलेशनं साखळी बदलली, जरा खालून कापलं, शनिवारी झाड पाडलं आणि एक ओंडका कुऱ्हाडीनं फाडला. पण पुढं लाकडाला हात लावायला कुणी तयार होईना. ओलं लाकूड आग ओकतं, माणूस चावतं! जिव्याची आई नर्मदा रडत महाराजांकडे गेली. महाराज म्हणाले, "भूत आपणहून चावत नाही. कुणीतरी पाठवतं. कोणी, ते झाडच सांगेल."

म्हणून त्या सात बायका. झाडाच्या आसपास राहणाऱ्या.

महाराजांनी एकेकीच्या उजव्या तळव्यावर चिमूटभर अंगारा ठेवला, वर चार थेंब पाणी सोडलं. "मूठ मिटा. सतरा मोजा. आता हात झाडावर!" पहिलीनं ताज्या फाडलेल्या लाकडावर हात दाबला, उचलला. राखेचा पांढुरका डाग पडला. दुसरीचा तसाच. सहाही जणींचे तसेच.

शेवटी तानी. तिनं हात ठेवला, उचलला. क्षणभर काहीच दिसलं नाही. मग ओल्या लाकडावर पाच बोटं वर येऊ लागली. आधी जांभळट, मग निळसर, मग काजळासारखी काळी. एक बाई किंचाळली. तानीनं आपला तळवा उलटा करून पाहिला. तोही काळा झाला होता. तिनं लुगड्याला पुसला, मातीत घासला, कुणीतरी लांबून टाकलेल्या साबणानं धुतला. काळं जाईना.

"झाडानं हात ओळखला!" महाराज म्हणाले. आता त्यांचा आवाज अगदी हळू होता. "ही भुताळी आहे. भूत हिनंच पाठवलं. बुधवारी दिवस मावळायच्या आत हिनं पाड्याची हद्द सोडावी. नाहीतर आधी जिव्याचा हात जाईल. मग पोरांची पाळी."

मी तिथंच होतो. एकतीस वर्षं याच भागात मुलांना विज्ञान शिकवलं, निवृत्त झाल्यावर इथंच राहिलो. पण खरं सांगतो, ती बोटं उमटताना माझ्याही अंगावर काटा आला. काहीतरी लबाडी आहे एवढं कळत होतं. कोणती, ते कळत नव्हतं.

दुपारपासून पाडा बदलला. हातपंपावर तानी आली की बायका आपापले हंडे उचलून मागं सरायच्या. नर्मदानं लेकाच्या दवाखान्यातल्या गोळ्या बंद केल्या आणि दंडावर अंगारा थापला. तानीच्या कौलांवर दोनदा दगड पडले. सोमवारी सकाळी मी तिच्याकडे गेलो, तर ओट्यासमोर चार माणसं नुसती बसून होती. बोलत नव्हती, विडीही ओढत नव्हती. एकाच्या मांडीवर कोयता होता.

तानी आत भिंतीला टेकून बसली होती. काळा तळवा तिनं पदरात झाकला होता.

"गुरुजी, मी कुठं जाऊ? माझी सगळी माणसं याच मातीत गेली." पदरातला हात आणखी आत घेत ती म्हणाली, "मीच केलं असंल का काय? नकळत? मला ठावं नसंल, पन झाडाला ठावं असंल..."

कोयत्यापेक्षा मला या वाक्याची जास्त भीती वाटली.

मी पोलीस पाटलांना फोन केला. दुपारी दोन शिपाई आले, चौघांना दम देऊन उठवलं. शिपाई गेल्यावर चौघं पुन्हा येऊन बसले, फक्त कोयता घरी ठेवून. पोलीस कोयता काढून घेऊ शकतात. मनातली भीती काढायचं काम आपलं.

दुपारी तीनला शाळेच्या ओट्यावर माझा वर्ग भरतो. शाळेचा नव्हे, माझा. येतील ती मुलं आणि येईल तो विषय. त्या दिवशी नऊ मुलं आली, एकमेकांना चिकटून बसली. मी म्हटलं, "रविवारी काय दिसलं ते सांगा. काय वाटलं ते नको, फक्त दिसलं ते."

"भूत आलं," एकजण म्हणाला.

"दिसलं?"

"नाय. पन आलं."

"मग ते वाटलं. दिसलं काय?"

"सात आज्या दिसल्या. महाराजाची गाडी दिसली. महाराजाचं पोट दिसलं."

सगळे हसले. दोन दिवसांत पाड्यावर पहिल्यांदा कुणी हसलं होतं. मग सातवीतली स्नेहा हळूच म्हणाली, "गुरुजी, सहा जनींला पत्र्याच्या डब्यातला अंगारा दिला. तानीआजीला डब्यातला नाय दिला. कमरेच्या थैलीतला दिला."

"नक्की?"

"मी पुढंच बसलेली. डब्यातला पांढरा हाय. थैलीतला जरा हिरवट."

"कुणाला सांगितलंस?"

"आईला. आई बोलली, गप बस, नायतर तुझं पन नाव घेतील."

 मुलीनं पाहिलं होतं ते एकतीस वर्षं शिकवणाऱ्याला दिसलं नव्हतं. मी महाराजांचा चेहरा बघत बसलो होतो, ती त्यांचे हात बघत होती.

ओट्याच्या पायरीवर गोजराबाई टेकली होती. ही समुद्राकाठच्या दांडी गावची कोळीण. दर सोमवारी सुके बोंबील आणि सुकट घेऊन पाड्यापाड्यांवर फिरते. त्या दिवशी कुणी खरेदीला बाहेर आलं नव्हतं, म्हणून पाटी उतरवून बसली होती.

"काय रे मास्तर," ती म्हणाली, "ऐनावर कालं उमटलं म्हनून बाईला हाकलतात?"

"हो आजी."

"मंग आमच्या दिराला पयला हाकलायला पायजे होता!" ती खो खो हसली. "नायलॉन नव्हता तवा आमी सुताची जाली वापरायचो. ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकलायची, म्हंजे दर्यात कुजत नाय. पन हंडा तांब्याचा पायजे. माझ्या दिराने एकदा लोखंडी पिंपात उकलली. सगली जाली काली ठिक्कर! सासऱ्याने त्याला वल्हं घेऊन किनाऱ्याभर पलवला. ऐनाच्या सालीला लोखंड लागला का कालंच होनार. यात भूत कुठला?"

माझ्या डोक्यात एकदम दिवा लागला. ऐनाच्या सालीत आणि लाकडात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य भरपूर असतं. हिरड्यातही तेच असतं. पूर्वी हिरड्याच्या काढ्यात हिराकस टाकून काळी शाई करायचे. आणि हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार. रंगानं हिरवट!

लबाडी कळली. पण मला कळून उपयोग नव्हता. पाड्याला दिसायला हवी होती. संध्याकाळी मुलांनी घरोघरचे गंजके खिळे गोळा केले. बोईसरच्या चायनीजच्या गाडीवरून मी व्हिनेगरची बाटली आणली. "गुरुजी, मंच्युरियन करताय का खिळ्यांचं?" स्नेहानं विचारलं. खिळे बरणीत टाकून वर व्हिनेगर ओतलं आणि बरणी ठेवून दिली. गंज त्यात हळूहळू उतरत गेला.

मंगळवारी मी नीलेशला गाठलं. तो ट्रॅक्टरला आपलं मशीन जोडून निघायच्या तयारीत होता.

"गुरुजी, माझं मशीन या लाकडाला लावनार नाय. माझ्या पोराला कालपासून ताप हाय."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. व्हायरल बोलले."

"मग मशीन लाव. साखळी तुटली, तिथलाच ओंडका घे."

 कपाळाला हात लावून नीलेशनं ओंडका मशीनवर घेतला. लाकूड फाडायचं ते मशीन मुलांनी पहिल्यांदाच पाहिलं. लोखंडी पाटाच्या एका टोकाला जाड पाचर, दुसऱ्या टोकाला तेलाच्या दाबानं पुढं सरकणारा दांडा. घणाचे घाव नाहीत, घाई नाही. दांडा ओंडक्याला पाचरीकडे रेटत नेतो, बस. लाकूड कण्हल्यासारखं करकरलं. अर्ध्यावर येऊन अडकलं. इंजिनाचा आवाज जड झाला, मुलं मागं सरली, नीलेशचे ओठ हलू लागले. मग फाडकन आवाज झाला आणि ओंडक्याची दोन शकलं दोन्हीकडे पडली.

आत वीतभर लांबीचा लोखंडी खिळा होता. त्याच्या वर आणि खाली लाकडात निळसर काळा पट्टा पसरला होता, ज्योतीच्या आकाराचा. खिळ्याच्या अंगावर एक खाच होती, ताजी, चकाकणारी.

नीलेश गुडघ्यावर बसला. खाचेवरून त्यानं बोट फिरवलं. "हा तर माझ्या साखळीचा घाव," तो पुटपुटला. "ठिणग्या याच्या! गुरुजी, झाडात खिळा गेला कसा?"

कसा गेला, ते पाड्यावरच्या प्रत्येकाला माहीत होतं आणि कुणालाच आठवलं नव्हतं. घरात दुखणं हटेना झालं की रोग्यावरून खिळा उतरवायचा आणि भूत म्हणून तो झाडात ठोकायचा, ही जुनी चाल. भूत खिळलं, असं म्हणायचं. झाड वाढत राहतं, साल खिळ्यावरून चढते, चारदोन वर्षांत खिळा दिसेनासा होतो. नीलेशनं आणखी तीन ओंडके फाडले. एकूण सहा खिळे निघाले. मुलांनी सर्वांत आतल्या खिळ्यापासून सालीपर्यंत वाढीची वर्तुळं मोजली. काही पुसट होती, तीनदा मोजली. त्रेपन्नच्या आसपास आली. त्रेपन्न वर्षांपूर्वी तानी परकर घालून दुसऱ्याच गावात हिंडत होती.

बुधवारी चार वाजता पाडा पुन्हा जमला. तानीला बाहेर आणून उभं केलं होतं. तिच्या पायाशी एक बोचकं होतं. दुसऱ्याच कुणीतरी ते बांधलं होतं. महाराजांची पांढरी गाडी आली.

मी पुढं झालो. "महाराज, आज कुणी झाडाला हात लावला तर काळं उमटेल?"

"छे! पापी हात असल्याशिवाय उमटत नाही."

"नक्की?"

"त्रिवार नक्की! सगळ्यांनी ऐका. पापी हातच काळा!"

मी बरणीतल्या गंजाच्या पाण्यात हात बुडवला आणि सकाळीच फाडलेल्या लाकडावर दाबला. उचलला. जांभळट, निळसर, काळा. पाची बोटं.

मला वाटलं होतं, लोक हसतील. कुणी हसलं नाही. गर्दी एक पाऊल मागं सरली, आणि मागून आवाज आला, "मास्तरावर पन आलं! दोघांचं संगनमत हाय!" कोयतेवाला उभा राहिला. त्या घटकेला मला समजलं, तानीला तीन दिवस काय वाटत असेल. मी काय सांगत होतो, ते कुणालाही ऐकू येत नव्हतं.

तेवढ्यात स्नेहा आली. तिनं बरणीत हात घातला आणि माझ्या हाताशेजारी आपला हात दाबला. काळा. तिची आई ओरडली. मग दुसरं मूल आलं, तिसरं आलं. बघता बघता ओंडक्यावर नऊ लहान काळे हात उमटले. शेवटी जिव्या उठला. उजवा हात गळ्यात बांधलेला, सुजलेला. त्यानं डावा पुढं केला. काळा.

"बोला आता," मी म्हटलं. "यातला भुताळा कोण? जिव्यानं भूत पाठवलं स्वतःवरच? का या नऊ पोरांनी?"

 मग नीलेशनं फाडलेलं शकल खिळ्यासकट सगळ्यांपुढं आणून टाकलं. "जिव्याला यानं कापलं. खिळ्यानं. माझी बी चूक हाय, जुन्या झाडात लोखंड हाय का ते आधी तपासायला पायजे होतं. आणि जिथं खिळा, तिथं लाकूड काळं. बघा, हात लावून बघा."

"आणि बरणीत काय आहे?" मी म्हटलं. "तुमच्याच घरचे गंजके खिळे. ऐनाला लोखंड लागलं की काळं होतं. दांडीचे कोळी हे पिढ्यानपिढ्या जाणतात. तानीच्या तळव्यावर अंगाऱ्यातून लोखंडाचा क्षार आला. सहा जणींना डब्यातला दिला, तिला एकटीला थैलीतला."

"हा धर्माचा अपमान आहे!" महाराज गाडीकडे वळले. गाडीच्या दारात नर्मदा उभी होती.

"महाराज, त्या थैलीतला माझ्या हातावर द्या."

"माते, तुला गरज नाही. तुझ्या लेकाचा हात..."

"लेकाचा हात तानीनं बांधला. थैलीतला द्या."

"विद्या अशी..."

"द्या ना!"

त्यानं दिला नाही. नर्मदानं तिसऱ्यांदा हात पुढं केला तेव्हा त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. पाड्यानं तो पाहिला. तोवर येऊन पोचलेल्या पोलीस पाटलांनी थैली ताब्यात घेतली, पंचनामा झाला, जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. पुढं तपासणीत राखेत हिराकस निघालं. त्याच संध्याकाळी नर्मदा जिव्याला घेऊन पुन्हा पालघरच्या दवाखान्यात गेली. जखम चिघळली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर हात वाचवणं अवघड होतं.

मी लिंबू कापून तानीच्या तळव्यावर चोळलं. साबणानं न गेलेलं काळं लिंबाच्या आंबटानं विरळ होत गेलं, आणि खालून तिच्या हातावरच्या रेषा दिसू लागल्या. ती त्याकडे एकटक बघत होती.

"म्हंजे गुरुजी, मी काय केलंच नव्हतं?"

"नाही तानीबाई. काहीच नाही."

ती तेव्हा रडली. तोवर एकदाही रडली नव्हती.

वाचणाऱ्या मुलांनो आणि मोठ्यांनो, पाड्यावरची माणसं दुष्ट नव्हती. ती घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाला बोट दाखवायला कुणीतरी लागतं. ते बोट कुणाकडे वळवायचं, हे खंडेरावसारख्यांना बरोबर ठाऊक असतं. म्हणून चमत्कार बघताना माणसाच्या तोंडाकडे बघू नका, त्याच्या हातांकडे बघा. तुम्हाला जे दिसलं ते मोठ्यानं सांगा, आई गप बस म्हणाली तरी. आणि चमत्कार करणाऱ्याला म्हणा, त्याच थैलीतलं माझ्या हातावर दे, माझ्यासमोर. खरं असेल तर तो देईल.

हे विचारायला उशीर मात्र करू नका. तानीला बुधवारपर्यंत मुदत मिळाली होती. प्रत्येकीला तेवढी मिळत नाही.